गिअर टाकणं आणि गिअर पडणं

आमच्या धाराशिव-तुळजापूर भागात ड्रायव्हर मंडळी गिअरबद्दल बोलताना दोन क्रियापदं वापरतात. ‘गिअर टाकला’ आणि ‘गिअर पडला’. टाकणं हे माणसाचं काम, पडणं हे गिअरचं. एखादा नवशिका घाटात अडकला तर जुना माणूस म्हणतो, “टाकला होता त्यानं, पण पडलाच नाही.” पुस्तकी मराठीत गिअरला दंतचक्र म्हणतात, तो शब्द गॅरेजच्या दारातून आत आलेला मी कधी ऐकला नाही. पण टाकणं आणि पडणं यांतला फरक कुठल्याही पारिभाषिक शब्दाइतका नेमका आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या दोन क्रियापदांच्या मधलं अंतर भरून काढण्याची जी रीत दोन-तीन पिढ्यांच्या ड्रायव्हरांनी पाळली, तिचं नाव डबल क्लच. या रीतीचा शोध घेताना जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

लहानपणी सोलापूरहून तुळजापूरला एसटीनं येताना मी हट्टानं पुढची जागा धरायचो. बालाघाटाची चढण लागली की ड्रायव्हरचे पाय बघत बसायचं. डावा पाय क्लचवर जायचा, हात दांडा ओढून मधोमध, म्हणजे न्यूट्रलला आणायचा. इथवर ठीक. पण मग डावा पाय वर यायचा, उजवा पाय एक रेस द्यायचा, इंजिन घुमायचं, डावा पाय पुन्हा खाली जायचा आणि तेव्हा कुठे दांडा पुढच्या खाचेत बसायचा. एका गिअरसाठी दोन वेळा क्लच. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. मला वाटायचं, ही त्या माणसाची लकब आहे.

पुढे शिक्षण सुटलं आणि दोनेक वर्षं मी ट्रकवर क्लीनर होतो. तेव्हा कळलं की ही लकब नाही, सक्ती आहे. पण सक्ती का, ते कुणी सांगेना. नंतरच्या काळात निवृत्त एसटी ड्रायव्हर, नळदुर्ग-उमरग्याच्या पट्ट्यातले ट्रकवाले, गिअरबॉक्स उघडणारे मिस्त्री अशा अनेकांना मी हा प्रश्न विचारला. उत्तरं अशी मिळाली : “कानानं कळतं.” “इंजिनाला विचारून टाकायचा.” “न्यूट्रलला श्वास घेऊ द्यायचा.” यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. फक्त ती हाताची आणि कानाची उत्तरं आहेत. कारण शोधायचं तर गिअरबॉक्सच्या आत उतरावं लागतं.

पेटीच्या आत

जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये मुख्यतः तीन दांडे, म्हणजे शाफ्ट असतात. पहिला शाफ्ट क्लचकडून येतो. क्लच पेडल वर असेल तर तो इंजिनाबरोबर फिरतो, पेडल दाबलं की इंजिनापासून सुटतो. दुसरा शाफ्ट खाली, तेलात बुडालेला. पहिल्या शाफ्टला तो दात्यांनी कायमचा जोडलेला असतो. तिसरा शाफ्ट चाकांकडे जातो. गाडी चालत असेल तोवर तिसरा शाफ्ट थांबू शकत नाही. त्याची गती चाकं ठरवतात, ड्रायव्हर नाही.

या तिसऱ्या शाफ्टवर प्रत्येक गिअरचं चाक असतं. ते खालच्या शाफ्टवरच्या जोडीदार चाकात सतत अडकलेलं असतं, पण स्वतःच्या शाफ्टवर मात्र मोकळं फिरतं. ड्रायव्हर दांडा हलवतो तेव्हा एक दातेरी बाही सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. जखडण्यासाठी बाहीचे दाते चाकाच्या दात्यांत शिरायला हवेत आणि शिरायचं तर दोघांची गती जवळपास सारखी हवी. धावत्या एसटीत चढणारा माणूस गाडीबरोबर चार पावलं धावतो, मगच पायरीवर पाय ठेवतो. उभ्या उभ्या पाय टाकला तर आपटतो. गिअरच्या पेटीत आपटल्याचा आवाज ‘खर्र’ असा येतो.

आता आकडे घेऊन पाहू. हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत; पण जुन्या बसच्या जवळपासचे आहेत. चाकाचा परीघ ३.२ मीटर, मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ६, चौथ्या गिअरचं १.६ आणि तिसऱ्याचं २.४. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटर. म्हणजे चाकं मिनिटाला सुमारे १५६ फेरे घेतात आणि तिसरा शाफ्ट त्याच्या सहापट, साधारण ९३७. चौथा गिअर पडलेला असेल तर इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालतं. त्याच वेगाला तिसरा गिअर हवा असेल, तर इंजिन २,२५० फेऱ्यांवर असायला हवं. मधलं अंतर ७५० फेऱ्यांचं.

एकदाच क्लच दाबून सरळ तिसरा टाकला तर काय होतं? पहिला शाफ्ट इंजिनापासून सुटलेला असतो आणि १,५०० वरून तेलाच्या ओढीनं आणखी मंदावत असतो. त्याच्यामागे तिसऱ्या गिअरचं मोकळं चाक ६२५ फेऱ्यांवर असतं, तर ज्या शाफ्टशी त्याला जखडायचं तो ९३७ वर. दात्याला दाता भेटतच नाही. दांडा कितीही जोरात लोटला तरी गिअर पडत नाही.

डबल क्लचमध्ये हेच अंतर भरून काढलं जातं. पहिल्यांदा क्लच दाबून गिअर काढायचा, न्यूट्रल करायचं. मग पेडल सोडायचं. आता इंजिन आणि आतले दोन शाफ्ट पुन्हा जोडले गेले, पण चाकांशी संबंध नाही. अशा वेळी रेस दिली की इंजिन त्या शाफ्टांना आपल्याबरोबर २,२५० पर्यंत वर नेतं. तिथे पोचल्याचा आवाज आला की दुसऱ्यांदा क्लच दाबायचा आणि दांडा सरकवायचा. आता लोटावा लागत नाही. गिअर पडतो.

चढता गिअर टाकताना, म्हणजे तिसऱ्यावरून चौथ्याला जाताना, उलटं करायचं. तिथे आतले शाफ्ट मंद व्हायला हवेत. म्हणून न्यूट्रलला पेडल सोडायचं, रेस द्यायची नाही, क्षणभर थांबायचं. इंजिन आपोआप उतरतं आणि शाफ्टांना उतरवतं. ‘न्यूट्रलला श्वास घेऊ द्यायचा’ तो हा श्वास. आणि ‘कानानं कळतं’ हेही अक्षरशः खरं, कारण त्या काळच्या बहुतेक ट्रक-बसमध्ये इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नसायचा. २,२५० हा आकडा ड्रायव्हरला माहीत नव्हता, पण त्याचा सूर पाठ होता.

चढण आणि उतरण

इथवरचं कुणीही चांगला मिस्त्री सांगेल. पण डबल क्लच चुकला तर काय होतं, याचं उत्तर चढणीला एक आणि उतारावर दुसरं आहे. मला वाटतं, या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे.

वीस मीटरला एक मीटर अशी चढण धरा. गिअर निघाला, गाडी न्यूट्रलमध्ये आहे. गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण २ किलोमीटरनं उतरतो. तीन सेकंद चाचपडण्यात गेले तर ३० चे २४ होतात आणि तिसऱ्या गिअरला लागणारे फेरे २,२५० वरून १,८०० वर येतात. म्हणजे काम सोपं होतं. अगदीच नाही जमलं तर गाडी थांबते, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकाला दगड लावायचा (क्लीनर त्यासाठीच असतो) आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. फजिती होते, अपघात सहसा होत नाही.

तोच उतार खाली उतरताना धरा. न्यूट्रलमध्ये गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटरनं वाढतो. पाच सेकंदांत ३० चे ३७ होतात. आता तिसऱ्या गिअरसाठी २,७७५ फेरे हवेत. जुन्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. तो साधारण २,८०० च्या वर इंजिनाला जाऊ देत नाही असं धरू. आठव्या सेकंदाला वेग ४१ होतो आणि तिसरा गिअर ३,००० च्या वर फेरे मागतो. ते इंजिन देऊच शकत नाही. याचा अर्थ, पाच-सहा सेकंदांनंतर तो गिअर जगातला कुठलाही उस्ताद टाकू शकणार नाही. कौशल्य संपलेलं नसतं, वेळ संपलेली असते. चौथा गिअर तेवढा अजून मिळू शकतो, पण तो गाडी धरण्याइतका ताकदीचा नसतो. तो पुरत नाही म्हणूनच तर तिसरा शोधला होता.

‘घाटात गिअर मिळाला नाही आणि गाडी गेली’ अशा हकिकती आपण ऐकतो. त्यात ड्रायव्हर घाबरला, दारू प्यायला होता, देवीचा कोप झाला, अशी कारणं जोडली जातात. पण पुष्कळदा त्यामागे एवढंच साधं गणित असतं. चढणीला वेळ ड्रायव्हरच्या बाजूनं असते, उताराला ती त्याच्या विरुद्ध असते.

हे मी गणितानं शिकलो नाही. विशीत असताना, हरभऱ्याची पोती भरलेला ट्रक घेऊन आम्ही सोलापूरच्या बाजाराला निघालो होतो. उस्तादांनी सपाटीवर स्टिअरिंग माझ्या हाती दिलं होतं. तुळजापूर सोडून घाट लागला तेव्हा मी चौथ्यातच होतो आणि गाडी छान चालली आहे असं वाटत होतं. मध्यावर इंजिनाचा आवाज चढला. मी तिसरा टाकायला गेलो. न्यूट्रल झालं, रेस दिली, पण भीत भीत. खर्र झालं. पुन्हा दिली, पुन्हा खर्र. एव्हाना गाडी पळायला लागली होती. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात दांड्यावरून काढला आणि म्हणाले, “गिअर सोड. आधी वेग उतरव.” मी दोन्ही पायांचं बळ लावून ब्रेक दाबला. लायनिंग जळाल्याचा वास केबिनमध्ये आला. गाडी माणसाच्या चालीवर आल्यावर त्यांनी स्वतः दांडा धरला, मला रेस द्यायला सांगितली आणि दुसरा गिअर टाकला. तो पडला.

खाली सपाटीला गाडी उभी केली. चाकांतून धूर येत होता. मी बादली घेऊन ड्रमवर पाणी ओतायला धावलो तर उस्तादांनी हात धरला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकतो. आम्ही तासभर बसून राहिलो. त्या तासात ते माझ्या रेसबद्दल, क्लचबद्दल काही बोलले नाहीत. एकच विचारलं, “घाटाच्या डोक्यावर तुझं लक्ष कुठं होतं?”

घाटाच्या डोक्यावर

त्या प्रश्नाचा अर्थ असा, की उताराचा गिअर उतारावर शोधायचा नसतो. तो उतार सुरू होण्याआधी, गाडी सावकाश असताना, टाकून घ्यायचा असतो. डबल क्लच ही त्यासाठीची रीत आहे. उशीर झाल्यावर वाचवणारा मंत्र नाही. ज्यांना डबल क्लच उत्तम येतो, त्यांना उतारावर तो सहसा मारावा लागत नाही.

ब्रेक असताना गिअरवर एवढी भिस्त का, तर उष्णतेमुळे. १० टनांची बस १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत ३३ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर यातली बहुतेक ऊर्जा ड्रम आणि लायनिंगमध्ये जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून दूर सरकतो, लायनिंगची पकड कमी होते, आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकं इंजिनाला फिरवतात. इंजिनातलं घर्षण, हवा ओढण्या-दाबण्याचा खर्च यांत ती ऊर्जा जाते आणि रेडिएटर व सायलेन्सरवाटे बाहेर पडते. इंजिन मुळातच उष्णता सोसायला घडवलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो; धुराच्या नळीतली झडप बंद करून तो इंजिनाचा हाच विरोध वाढवतो.

‘ज्या गिअरनं चढशील, त्याच गिअरनं उतर’ हा जुना नियम यातूनच आला. इंजिन दुबळं होतं, भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्याशिवाय चढतच नसे, त्यामुळे तो नियम आपोआप सुरक्षित ठरत होता. आज तो जसाच्या तसा लावता येत नाही. आताचं टर्बो इंजिन तोच घाट पाचव्यात चढतं. पण इंजिनाची ओढण्याची ताकद जेवढी वाढली, तेवढी त्याची अडवण्याची ताकद वाढलेली नाही. म्हणून भरलेली गाडी चढली त्याच गिअरमध्ये उतरते असं धरून चालू नये. एक गिअर खाली, कधी दोन, लागतात. नियम पाठ राहिला आणि त्यामागचं कारण विसरलं, की असं होतं.

याहून घातक समजूत आहे ती न्यूट्रलची. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली की डिझेल वाचतं, असं आमच्याकडे कित्येकजण मनापासून मानतात. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तेव्हा पंपाचा गव्हर्नर डिझेलचा पुरवठा तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायचं असतं, त्यासाठी ते डिझेल पितच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेल जाळून धोका विकत घेतो. काहीजण इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

उसाच्या हंगामात हेच ट्रॅक्टरच्या बाबतीत दिसतं. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्स अशा, की चालत्या गाडीत गिअर बदलणं अवघड. शेतात थांबून बदलायचा, ही सवय. त्याच ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून तो रस्त्यावर येतो. उतारावर चालक क्लच दाबून धरतो किंवा न्यूट्रल करतो आणि मागून उसाचं वजन ढकलायला लागतं. क्लच दाबून धरणं हेही न्यूट्रलच आहे, ही साधी गोष्ट अनेकांना कुणी सांगितलेली नसते.

रस्त्यांचा जिल्हा

ही रीत आमच्या भागात एवढी का मुरली, याला इतिहास आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरकडे जात होती, पण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली ती रुंद मार्ग झाल्यावर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तुळजापूरची रेल्वे तर आता कुठे आकाराला येते आहे. आई भवानीच्या दर्शनाला येणारे लाखो लोक पायी, बैलगाडीनं आणि पुढे मोटारीनं आले. कोजागरीला सोलापूरहून पायी येणाऱ्यांची रीघ आजही लागते. म्हणजे इथलं दळणवळण मुख्यतः रस्त्याचं आणि त्यात बालाघाटाची चढ-उतार.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी मोटार वाहतूक खातं निघालं, २७ गाड्यांनिशी. त्या गाड्या ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्डची. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. राज्यं बदलली, गाड्यांचे रंग बदलले, पण आल्बियन असो की बेडफर्ड, त्या पिढीच्या गिअरबॉक्सना डबल क्लच लागायचाच. त्यामुळे उस्तादाकडून क्लीनरकडे, जुन्याकडून नव्याकडे तो जात राहिला. पायातून पायात गेला, कागदावर फारसा उतरला नाही.

खरं तर त्यावरचा उपाय तेव्हाच निघालेला होता. दाते सरकवून गिअर बदलण्याची पद्धत फ्रान्समध्ये पॅनहार्ड-लेव्हासॉर यांनी १८९१ च्या सुमाराला रूढ केली. तिच्यातला हा खरखराट अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या अभियंत्यानं सोडवला आणि १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला. त्यात बाही आणि गिअरचं चाक यांच्यामध्ये बहुधा पितळेची एक शंकूच्या आकाराची रिंग असते. दांडा सरकवला की आधी ती रिंग चाकाच्या शंकूवर घासते आणि घासून दोघांची गती सारखी करते. गती सारखी होईपर्यंत रिंगचे दाते बाहीला अडवून धरतात. डबल क्लच मारताना ड्रायव्हरचा पाय जे करायचा, तेच ही रिंग करते.

ट्रक-बसपर्यंत ही रिंग पोचायला बराच काळ लागला. छोट्या गाड्यांतही ती एकदम सगळ्या गिअरना आली नाही. विलीज जीपच्या तीन गिअरांपैकी दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. म्हणून माणसांनी लदलेली जीप घाटात ट्रकच्या मागे अडकली की पहिला टाकायला एक तर थांबावं लागे, नाही तर डबल क्लच यावा लागे.

आपल्या गाडीत

वाचकांपैकी अनेकांच्या कारमध्ये आज पाचही पुढच्या गिअरना सिंक्रो आहे. मग डबल क्लचची गरज काय? रोजच्या चालवण्यात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. विनाकारण दोनदा पाय मारल्यानं गाडी चांगली चालते, हा गैरसमज आहे. पण तत्त्व समजलं तर काही गोष्टींचा उलगडा होतो.

एक, रिव्हर्स टाकताना कधी कधी ‘खर्र’ होतं. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो आणि क्लच दाबला तरी आतला शाफ्ट दोन-तीन सेकंद फिरत राहतो. क्लच दाबून थोडं थांबावं, किंवा उभ्या गाडीत आधी एखादा पुढचा गिअर टाकावा. त्याचा सिंक्रो शाफ्टाला थांबवतो, मग रिव्हर्स सहज पडतो.

दुसरी गोष्ट अशी, की गाडी जुनी झाली की एखादा ठरावीक गिअर टाकताना खरखर येऊ लागते. त्या गिअरची रिंग झिजलेली असते. दांडा जोरात लोटल्यानं ती आणखी झिजते. अशा गाडीत दुरुस्ती होईपर्यंत डबल क्लच आजही कामाला येतो.

आणि तिसरं, मोटरसायकलच्या गिअरला सिंक्रो नसतोच. तिचे भाग हलके म्हणून दाते थोडे आपटून का होईना, बसतात. खालचा गिअर टाकताना हलकी रेस देणारे मोटरसायकलस्वार नकळत गती जुळवत असतात.

पाय, रिंग आणि नंतर

नवल म्हणजे, परदेशी बनावटीच्या काही मोठ्या ट्रकांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधून मुख्य गिअरांचे सिंक्रो पुन्हा काढून टाकले गेले आहेत. तिथे संगणक चाकांची गती मोजतो, इंजिनाला नेमक्या फेऱ्यांवर नेतो आणि दाते बसवतो. आमच्या उस्तादांच्या कानात जे होतं ते आधी पितळेच्या रिंगमध्ये गेलं आणि आता संगणकात गेलं आहे.

१ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली, तीही पुणे-अहमदनगर याच मार्गावर. तिला क्लचही नाही आणि जुन्यासारखी गिअरची पेटीही नाही. विजेची गाडी उतारावर मोटारीचाच जनित्रासारखा उपयोग करून गती रोखते. ते ३३ लिटर पाणी उकळणारी उष्णता वाया न जाता तिच्यातला काही भाग विजेच्या रूपानं बॅटरीत परत जातो.

हे सगळं चांगलंच आहे. डबल क्लच गेला म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. तो त्रास होता आणि त्यानं अनेकांचे गुडघे झिजवले. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. गिअर टाकणं अवघड होतं, तेव्हा ड्रायव्हरला घाटाच्या आधीच विचार करावा लागत होता. गिअर सोपा झाला आणि तो विचार सुटला. हवा तेव्हा गिअर मिळेल, या भरवशावर माणसं चढत्या वेगानं उताराला लागतात. पितळेची रिंग गती जुळवून देते. पण उतार किती आहे, गाडीत वजन किती आहे, हे तिला कळत नाही. बोटानं गिअर पडावा एवढी सोय झाली, तरी कुठला टाकायचा आणि कुठे, हे माणसावरच आहे.

सोलापूर-येडशी रस्ता आता चौपदरी झाला आहे. वळणं सौम्य झाली, वेग वाढले. मी अधूनमधून संध्याकाळी तुळजापूरच्या घाटात रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभा राहतो आणि उतरणाऱ्या गाड्या ऐकतो. एखादा भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये गुरगुरत, सावकाश उतरतो. मागचे कारवाले हॉर्न वाजवतात, त्यांना वाटतं हा उगाच रेंगाळतोय. आणि मधूनच एखादा ट्रक येतो, ज्याच्या इंजिनाचा आवाजच येत नाही. फक्त टायरांची सळसळ आणि वाऱ्याचा झोत. तो न्यूट्रलमध्ये असतो. त्याचे मागचे दिवे वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहतो.